शीतपेटीतील पाणी : येते कोठून, जाते कोठे?

उन्हाळ्याच्या सुटीत लांब पल्ल्याच्या कोणत्याही रेल्वेगाडीच्या डब्यात डोकावले, तर आसनाखाली एखादी तरी शीतपेटी हमखास दिसते. कुणाची रंगीत प्लॅस्टिकची, मुठीची. कुणाची चिकटपट्टी गुंडाळलेली साधी थर्मोकोलची. कोणी कोकणातून सुरमई नेत असतो, कोणी इंदूर-बडोद्याच्या नातलगांसाठी घरचा चक्का, तर एखाद्या कुटुंबाच्या पेटीत वृद्ध आईवडिलांचे इन्शुलिन असते. पेटी भरताना साऱ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते : आतील जिन्नस थंड राहतील की नाही. प्रत्यक्षात मुक्कामी पोहोचून झाकण उघडले म्हणजे बहुधा निराळेच दृश्य दिसते. जिन्नस थंड असतात. परंतु पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा लगदा झालेला असतो, चक्क्यावर पाण्याचा थर चढलेला असतो आणि औषधाच्या कुपीवरचे लेबल सुटून पाण्यावर तरंगत असते.

थंडावा टिकविणे आणि कोरडेपणा टिकविणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिल्याचा विचार पेटी बनविणाऱ्या उत्पादकाने केलेला असतो. दुसऱ्याचा विचार पेटी भरणाऱ्यालाच करावा लागतो. पाच किलो बर्फ पेटीत ठेवणे म्हणजे पाच लिटर पाणी पेटीत ओतण्यासारखेच आहे. फरक एवढाच, की ते पाणी सावकाश येते. ते येणारच. म्हणून ते कोठे साठावे, हे प्रवासाला निघण्यापूर्वी ठरवून ठेवणे हाच या प्रश्नाचा गाभा होय.

थंडाव्याचे भांडवल

बर्फ वितळत असताना त्याचे तापमान वाढत नाही. शून्य अंश सेल्सिअसच्या बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी होते. तरीही या रूपांतरासाठी बर्फाला पुष्कळ उष्णता शोषून घ्यावी लागते. तापमापकावर न दिसणारी ही उष्णता स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात अध्यापन करणारे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगाने दाखवून दिली. शालेय पाठ्यपुस्तकांत तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक किलो बर्फ पूर्णपणे वितळण्यास सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने एक लिटर पाणी शून्य अंशावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. याउलट वितळून तयार झालेले एक लिटर पाणी शून्यावरून पाच अंशांपर्यंत चढताना अवघ्या पाच किलोकॅलरी शोषते. थोडक्यात, थंडाव्याचे भांडवल बर्फात असते. पाणी ही त्या भांडवलाच्या खर्चाची पावती आहे.

हा खर्च किती वेगाने होतो, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. आतून ४० सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच, म्हणजे २५ लिटरची थर्मोकोलची पेटी घेऊ. तिच्या भिंती अडीच सेंटिमीटर जाडीच्या आहेत आणि बाहेरचे तापमान आतील तापमानापेक्षा ३० अंशांनी अधिक आहे, असे मानू. थर्मोकोलच्या उष्णतावाहकतेवरून हिशेब केला, तर भिंतींमधून दर तासाला सुमारे १९ किलोकॅलरी उष्णता आत शिरते. ती पाव किलोपेक्षा किंचित कमी बर्फ वितळवते. पाच किलो बर्फ या हिशेबाने वीस-एकवीस तास पुरेल. झाकणाच्या फटी, वारंवार उघडझाप आणि उन्हात ठेवलेली पेटी यांचा खर्च निराळा. मुंबईहून हावड्याला जाण्यास एका दिवसाहून अधिक वेळ लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वाटेत बर्फ का संपतो याचा उलगडा होतो. भिंत दुप्पट जाड असेल, तर हीच गळती निम्म्यावर येते. त्याच जाडीची पॉलियुरेथेन फोमची भिंत थर्मोकोलपेक्षा सरस ठरते.

आता याच हिशेबातील पाण्याकडे पाहू. पेटीच्या तळाचे क्षेत्रफळ १,००० चौरस सेंटिमीटर आहे. त्यामुळे प्रत्येक लिटर पाणी तळावर एक सेंटिमीटर उंचीचा थर देते. चार-साडेचार तासांत एक सेंटिमीटर, रात्रभरात तीन सेंटिमीटर आणि सर्व बर्फ वितळल्यावर पाच सेंटिमीटर. तळाशी आडवी ठेवलेली मिठाईची खोकी, चपट्या पिशव्या, औषधांची पाकिटे या पाच सेंटिमीटरांतच असतात. पेटी 'गळाली' म्हणून उत्पादकाला दोष दिला जातो. वास्तविक पेटी मुळीच गळालेली नसते आणि म्हणूनच सारे पाणी आत साचलेले असते.

याच आकडेमोडीतून एक बिनखर्चाचा उपाय हाती येतो. पाच किलो खाद्यपदार्थ ३० अंशांवरून पाच अंशांपर्यंत थंड करण्यासाठी सुमारे १२५ किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. हे काम पेटीतील बर्फावर सोपविले, तर दीड किलो बर्फ केवळ त्यासाठी खर्ची पडतो आणि दीड लिटर पाणी पहिल्या काही तासांतच तळाशी जमते. तेच पदार्थ आदल्या रात्री घरच्या फ्रीजमध्ये थंड करून घेतले, तर हा सारा खर्च वाचतो. शीतपेटी ही थंड करण्याची वस्तू नव्हे, थंड ठेवण्याची वस्तू आहे. रिकामी पेटीही प्रवासाच्या आधी काही तास थंड जागी ठेवावी किंवा तीत गोठवलेली एखादी बाटली ठेवून ती निवू द्यावी.

हवेतील आणि अन्नातील पाणी

बर्फाखेरीज पेटीत पाणी येण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. पहिली हवेची. मुंबईतील पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. पेटी उघडली आणि आतील २५ लिटर हवा पूर्णपणे बदलली, असे मानले तरी एका वेळी ०.६ ग्रॅम बाष्प आत येते. वीस वेळा झाकण उघडले, तरी जेमतेम मोठा चमचाभर पाणी. लिटरांच्या हिशेबापुढे ही रक्कम नगण्य आहे. तथापि हे पाणी तळाशी न जाता पेटीतील सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे डब्यांच्या झाकणांवर, वेष्टनांवर व औषधांच्या खोक्यांवर दवासारखे धरते. पुठ्ठा आणि कागद ओलावण्यास तेवढे पुरेसे असते.

मे महिन्यातील नागपूरची स्थिती वेगळी. तेथे पारा ४२ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर हवेत मुंबईच्या एक-तृतीयांश एवढेच बाष्प असते. मुंबईतील त्या हवेत २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी धरेल. नागपुरातील त्या हवेत वस्तू साधारण दहा अंशांपेक्षा थंड असावी लागेल. नागपुरात बर्फ अधिक वेगाने वितळतो, मुंबईत वस्तू अधिक लवकर पाझरतात. मोबाइल किंवा कॅमेरा उन्हापासून वाचविण्यासाठी शीतपेटीत ठेवण्याची युक्ती किनारपट्टीवर अंगाशी येते ती याच कारणाने : पेटीतून बाहेर काढलेल्या थंड यंत्रावर दमट हवेतील पाणी धरते, आणि ते आतील भागातही धरू शकते.

दुसरी वाट अन्नाची. कोमट भाजी किंवा भात डब्यात भरून झाकण लावले, की वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थंड होते आणि थेंब पुन्हा अन्नावर पडतात. 'डब्यात पाणी शिरले' असे वाटते. ते त्या अन्नाचेच असते. शिवाय असा डबा पेटीतील बर्फावरही भार टाकतो. म्हणून शिजलेले अन्न पसरट भांड्यात, पंख्याखाली लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवावे आणि पूर्ण थंड झाल्यावरच पेटीत भरावे. निववण्याच्या नावाखाली ते ओट्यावर तासन् तास मात्र राहू देऊ नये. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीस पोषक टप्पा मानला जातो आणि शिजवलेले नाशवंत अन्न या टप्प्यात दोन तासांपेक्षा अधिक काळ राहू नये, असा सर्वमान्य दंडक आहे.

घट्ट झाकणाचा डबाही भिजतो

अनेक गृहिणींचा अनुभव असा, की घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही शीतपेटीतून काढल्यावर आत ओला निघतो. झाकण सैल नव्हते, डबा उलटला नव्हता, मग पाणी शिरले कसे? याचे कारण डब्यातील हवेत आहे. ३० अंशांवर बंद केलेली हवा तीन अंशांपर्यंत थंड झाली, की ती सुमारे नऊ टक्क्यांनी आकसते. डब्यात एक लिटर मोकळी जागा असेल, तर जवळजवळ ९० मिलिलिटर जागा रिती होते आणि ती भरून काढण्यासाठी डबा बाहेरून ओढ घेतो. झाकणाची कड हवेत असेल, तर हवा आत जाते. कड पाण्याखाली असेल, तर पाणी आत जाते. एरवी हातात धरून उलटा केला तरी न सांडणारा डबा या ओढीपुढे हतबल ठरतो. अर्धी वाटी बर्फाचे पाणी श्रीखंडात मिसळण्यासाठी एवढे पुरते.

यावरचे उपाय सोपे आहेत. डबा पूर्ण भरावा, म्हणजे आत आकसण्याजोगी हवाच कमी राहील. तो फ्रीजमध्ये थंड करून नंतर पेटीत ठेवावा, म्हणजे आकसणे कोरड्या जागी आधीच घडून गेलेले असेल. झाकणाला रबरी रिंग असलेला डबा अधिक भरवशाचा. झिपच्या पिशवीतील हवा हाताने दाबून काढून मगच ती बंद करावी. या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे कोणताही डबा साचलेल्या पाण्यात उभा राहू नये.

कोंडायचे कोणाला?

ओल टाळण्यासाठी सर्वसाधारणपणे पदार्थ पिशव्यांत बांधले जातात आणि बर्फ मोकळा ठेवला जातो. वास्तविक याच्या उलट करणे अधिक सयुक्तिक आहे. पेटीत जपण्याच्या वस्तू दहा-पंधरा असतात. पाण्याचे उगमस्थान मात्र एकच, बर्फ. दहा ठिकाणी बांध घालण्यापेक्षा उगमालाच झाकण लावणे श्रेयस्कर. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरून गोठविल्या, की बर्फ वितळून झालेले पाणी बाटलीतच राहते आणि प्रवासात पिण्याच्या कामी येते.

बाटली भरताना एक पथ्य पाळावे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते. म्हणून एक लिटरच्या बाटलीत ९०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी भरू नये, अन्यथा ती फुटते आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो. काचेची बाटली तर या कामी वापरूच नये. पुरता गोठण्यासाठी बाटलीला किमान एक पूर्ण रात्र द्यावी. घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांपर्यंत गोठलेला बर्फ बाजारातून वितळू लागलेल्या स्थितीत आणलेल्या बर्फापेक्षा किलोमागे सुमारे नऊ किलोकॅलरी अधिक उष्णता शोषतो, हा आणखी एक लाभ. बाजारात मिळणारे जेलचे पुडे याच तत्त्वावर चालतात. पुन्हा पुन्हा वापरता येणे ही त्यांची सोय.

मोकळ्या बर्फाची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. चुरलेला बर्फ आणि त्याचे पाणी वस्तूला चहूबाजूंनी भिडते, त्यामुळे कोमट बाटल्या झटपट गार होतात. बंद बाटलीतील बर्फाला ते साधत नाही. म्हणून सहलीला मोठा परिवार निघाला असेल, तर दोन लहान पेट्या न्याव्यात. सरबत, ताक, पाण्याच्या बाटल्या मोकळ्या बर्फात. ती पेटी दिवसभर उघडली जाणारच आणि ओलीही होणारच. खाद्यपदार्थ गोठवलेल्या बाटल्यांसह दुसऱ्या पेटीत. ती केवळ जेवणाच्या वेळी उघडावी. मुलांच्या तहानेचा भुर्दंड मग श्रीखंडाला बसत नाही.

मोकळा बर्फच वापरावा लागला, तर पेटीत मजला उभारावा. पालथ्या वाट्यांवर ठेवलेली स्टीलची जाळी, किंवा भोके असलेली प्लॅस्टिकची टोपली पुरते. मजल्याची उंची मनाने ठरवू नये. बर्फाचे किलो आणि तळाचे क्षेत्रफळ यांवरून ती काढता येते. वरील उदाहरणात ती पाच सेंटिमीटरांहून अधिक हवी. बर्फ मजल्याखाली, पदार्थ वर. यात एक अडचण अशी, की थंड हवा जड असल्याने खाली बसते आणि वरचा भाग तुलनेने उबदार राहतो. म्हणून दूध, पनीर, चक्का, मांसाहारी पदार्थ जाळीलगत ठेवावेत आणि एखादी गोठवलेली सपाट बाटली टॉवेलात गुंडाळून सर्वांच्या वर ठेवावी. बंद बाटलीलाही बाहेरून थोडा घाम येतो. तो टॉवेल टिपून घेतो. उरलेली पोकळी कोरड्या सुती कापडाने भरावी. वर्तमानपत्राचे बोळे ओल चांगली शोषतात, पण छपाईच्या शाईचा अन्नाशी संपर्क येऊ देऊ नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये वर्तमानपत्रात अन्न बांधण्याविरुद्ध सूचना दिली ती याच कारणाने.

थंडावा वाढावा म्हणून बर्फावर मीठ टाकण्याचा सल्लाही ऐकू येतो. कुल्फीच्या पिपात तो योग्य आहे, कारण तेथे दूध गोठवायचे असते. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली उतरतो खरा, परंतु तो वितळतोही वेगाने. प्रवासी पेटीत मीठ टाकले, तर शेजारचे दही गोठून फाटते आणि तळाशी साध्या पाण्याऐवजी खारे पाणी साचते.

पाणी काढावे की राहू द्यावे?

मोठ्या पेट्यांना तळाशी निचऱ्याचे बूच असते. ते उघडावे की नाही, याविषयी दोन मते आढळतात. पाणी थंड असते, ते काढले की त्याच्या जागी उबदार हवा शिरते, म्हणून राहू द्यावे असे एक मत; पाण्यामुळे उरलेला बर्फ लवकर वितळतो, म्हणून काढावे असे दुसरे.

इतिहासात या प्रश्नाचा कस मोठ्या प्रमाणावर लागला आहे. अमेरिकेतील बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८३३ मध्ये 'टस्कनी' या जहाजातून सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ कलकत्त्याला पाठविला. चार महिन्यांचा, विषुववृत्त दोनदा ओलांडणारा तो प्रवास. सप्टेंबरमध्ये जहाज हुगळीत आले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. ओंडक्यांसारखे नीट कापून एकमेकांना भिडवून रचलेले ठोकळे आणि भोवती उष्णतारोधक भुशाचे आवरण, हे या व्यापाराचे मर्म. बर्फघरांतून पाण्याचा निचरा करण्यावरही विशेष कटाक्ष असे, कारण भुसा भिजला की त्यातील हवेची जागा पाणी घेते आणि पाणी थर्मोकोल किंवा कोरड्या भुशाच्या कितीतरी पट उष्णता वाहून नेते. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे अशा बर्फासाठी खास इमारती उभ्या राहिल्या. मद्रासची इमारत चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यालगत आजही उभी आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा तेथे मुक्काम झाल्याने ती आता विवेकानंद भवन म्हणून ओळखली जाते. आजूबाजूच्या वस्तीला मात्र 'आइस हाउस' हे नाव चिकटून राहिले आहे.

आजच्या पेटीतील उष्णतारोधक थर दोन कवचांमध्ये बंद असतो, तो भिजत नाही. त्यामुळे बर्फघरांचा नियम तिला जसाच्या तसा लागू पडत नाही. बर्फ शिल्लक असेपर्यंत भोवतालचे पाणीही शून्य अंशाच्या जवळपासच असते. केवळ बंद बाटल्या असलेल्या पेटीतील पाणी राहू द्यावे; ते बाटल्यांना सर्व बाजूंनी थंड ठेवते. खाद्यपदार्थांच्या पेटीतील पाणी मात्र वेळोवेळी काढावे. त्यामुळे होणारा तोटा लिटरमागे मोजक्या किलोकॅलरींचा आहे. भिजलेल्या अन्नाचा तोटा त्याहून मोठा. रेल्वेच्या डब्यात बूच उघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सहप्रवाशांचे सामान भिजविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

जेथे लेबल सुटून चालत नाही

बर्फ कोंडण्याच्या पद्धतीचे सर्वांत काटेकोर उदाहरण देशाच्या प्रत्येक तालुक्यात दिसते. १९८५ मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आरोग्यसेविका खांद्याला अडकवून नेतात ती छोटी पेटी म्हणजे लसवाहक. तिच्या चार भिंतींना चार बर्फाचे पॅक उभे लावलेले असतात. पॅक म्हणजे ठरावीक खुणेपर्यंत साधे पाणी भरून, झाकण घट्ट लावून गोठविलेला प्लॅस्टिकचा चपटा डबा. पेटीत बर्फ असतो, परंतु मोकळा नसतो. मधल्या जागेत लसींच्या कुप्या झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून ठेवतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कुपीवरील लेबलावर लसीचे नाव, तुकडीचा क्रमांक आणि मुदत छापलेली असते. अनेक कुप्यांवर उष्णतेची झळ लागल्यास रंग बदलणारी खूणही असते. लेबल भिजून निघाले, की आत काय आहे आणि ते गुणकारी राहिले आहे काय, हे सांगता येत नाही. अशी कुपी बाळाला टोचता येत नाही. ती वाया जाते. ओलीचे दुसरे टोकही येथे सांभाळावे लागते. धनुर्वात, हेपॅटायटिस-बी यांसारख्या लसी गोठल्या तर निकामी होतात. म्हणून फ्रीझरमधून काढलेला पॅक लगेच पेटीत ठेवत नाहीत. त्यावर पाण्याचे थेंब दिसू लागेपर्यंत आणि हलविल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येईपर्यंत तो बाहेर ठेवतात, मग पुसून कोरडा करून आत लावतात. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यामागे वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचलेल्या या पेट्यांचाही वाटा आहे.

घरच्या इन्शुलिनला हाच धडा लागू पडतो. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि एकदा गोठलेले इन्शुलिन, वितळल्यानंतर स्वच्छ दिसले तरी, वापरायचे नसते. म्हणून कुपी किंवा पेन मोकळ्या बर्फात किंवा गोठलेल्या बाटलीला टेकवून ठेवू नये. झिपच्या पिशवीत, त्यावर कोरडा नॅपकिन, मग रबरी रिंगचा छोटा डबा आणि तो पेटीत वरच्या बाजूस, अशी रचना करावी. सोबतचे छापील माहितीपत्रक आणि डॉक्टरांची चिठ्ठी पेटीबाहेर, हातातील पिशवीत असावी. वापरात असलेले इन्शुलिन काही आठवडे फ्रीजबाहेरही चालते. त्याची तापमानाची मर्यादा त्याच्या माहितीपत्रकावर दिलेली असते व ती उन्हाळ्यातील प्रवासात आवर्जून पाहावी.

मासळीचा अपवाद

कोरडेपणाचा हा नियम ताज्या मासळीला वेगळ्या रीतीने लागू होतो. बंदरावर मासळी आणि चुरलेला बर्फ साधारण समान वजनाने, थरावर थर देऊन भरतात. वितळणारे पाणी माशांवरून वाहत जाते, त्यांच्या अंगावरील बुळबुळीत स्राव व त्यातील जंतू धुऊन नेते आणि पेटीच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडते. येथे ओल उपकारक आहे, मात्र ती वाहती हवी. साचलेल्या गोड्या पाण्यात मासळी पडून राहिली, तर ती फिकट व मऊ पडते आणि तिची चवही उतरते. आंध्र प्रदेशातील भीमावरम परिसरातून बंगालकडे जाणारी मासळी असो वा मालवणहून मुंबईकडे येणारी, व्यापारी वाहतुकीत निचरा शक्य असतो. प्रवाशाच्या आसनाखाली तो शक्य नाही. म्हणून प्रवासात मासळी साफ करून, निथळून, पुसून, फ्रीजमध्ये थंड करून दुहेरी पिशवीत बांधावी आणि गोठवलेल्या बाटल्यांमध्ये ठेवावी. तिच्यासोबत त्याच पेटीत मिठाई ठेवण्याचा मोह टाळावा, हे सांगणे न लगे.

बाजारातील लादीच्या बर्फाविषयी येथेच सावध केले पाहिजे. नाशवंत माल टिकविण्यासाठी वापरला जाणारा, परंतु खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात ठरावीक रंग मिसळून तो निळसर करण्याचा नियम २०१८ मध्ये लागू झाला. असा बर्फ पेटीत घातला, तर त्याचे पाणी उघड्या अन्नाला लागता कामा नये. रंगहीन लादीही पिण्याच्या पाण्याचीच असेल, याची खात्री बाळगू नये. भिजलेली मिठाई वाळवून खाता येईल, असे वाटते. परंतु प्रश्न केवळ चवीचा नसून त्या पाण्यात काय होते, हा असतो. काकडी, टोमॅटो, कापलेली फळे ही न शिजवता खाल्ली जात असल्याने त्यांच्या बाबतीत तर अधिकच काळजी हवी.

पेटीत काय नसावे

पेटी भरताना घरातील सारा फराळ तीत जातो. चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, ठेपले यांना एक-दोन दिवसांच्या प्रवासात थंडाव्याची गरज नसते; उलट तेथील ओलाव्याने ते मऊ पडतात. केळी थंडीने काळवंडतात. चॉकलेट थंड करून दमट हवेत काढले, की त्यावर धरलेल्या पाण्यात साखर विरघळते आणि ते वाळल्यावर पांढुरका थर दिसतो. पुरणपोळीही हवाबंद डब्यात, पेटीबाहेर एक दिवस सुखाने राहते. अशा वस्तू वगळल्या, की दूध, चक्का, पनीर, औषधे यांच्यासाठी मोकळी जागा मिळते आणि झाकणही कमी वेळा उघडावे लागते. जे आधी लागणार ते वर, जे मुक्कामी लागणार ते खाली, असा क्रम ठेवावा. आत काय कोठे आहे, याची छोटी यादी झाकणावर बाहेरून चिकटविली, तर शोधाशोधीत होणारा खर्चही वाचतो.

प्रवास संपल्यावर पेटी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्यावी. निचऱ्याचे बूच आणि झाकणाची रबरी पट्टी काढता येत असल्यास ती वेगळी वाळवावी. कुबट वासाचा उगम बहुधा तेथेच असतो. पेटी सावलीत, झाकण उघडे ठेवून, एका कुशीवर टेकवून किमान एक दिवस वाळू द्यावी आणि माळ्यावर ठेवतानाही झाकणाखाली घडी केलेला सुती रुमाल अडकवावा, म्हणजे आत हवा खेळती राहते.